विटजिरा राष्ट्रीय उद्यान: गुरांच्या जुन्या स्टेशनात जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या उत्तर टोकाला, सिम्पसन वाळवंटाच्या पश्चिम कडेला असलेल्या, डलहौसी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या विटजिरा उद्यानाविषयी अ‍ॅडलेड आणि मेलबर्न येथील मराठी मंडळी, तसेच भारतातून भेटीला येणारे त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘कॅटल स्टेशन’ म्हणजे काय? तेथे रेल्वे थांबते का?

नाही. ऑस्ट्रेलियात ‘स्टेशन’ म्हणजे सरकारी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेऊन तिच्यावर गुरे किंवा मेंढ्या पाळण्याचा विस्तीर्ण प्रदेश, आणि त्या प्रदेशाचा कारभार जेथून चालतो ते घर. ही गुरे दुधासाठी नव्हे, तर मांसासाठी वाढवली जातात. ती गोठ्यात बांधलेली नसतात. वर्षाचा बहुतेक काळ ती मोकळी चरतात आणि ठरावीक हंगामात त्यांना गोळा करून आणले जाते. पाऊस अत्यल्प असल्याने एका जनावराच्या पोटापाण्यासाठी फार मोठी जमीन लागते. त्यामुळे आपल्या गायरानाचे किंवा शेताचे माप मनात धरून या जागेची कल्पना करता येत नाही.

२. विटजिरा किती मोठे आहे आणि ते स्टेशनचे उद्यान कधी झाले?

उद्यानाचे क्षेत्रफळ ७,७०० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून जास्त आहे. येथे १८७० च्या दशकात डलहौसी स्टेशन उभे राहिले आणि पुढे हा प्रदेश माउंट डेअर स्टेशनचा भाग झाला. राज्य सरकारने १९८४ मध्ये माउंट डेअरचा भाडेपट्टा विकत घेतला आणि १९८५ मध्ये हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. याचा अर्थ असा की, येथे गुरे चरण्याचा काळ शंभर वर्षांहून जास्त आहे आणि उद्यानाचे वय त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. वाटेत पडकी कुंपणे, जुने पाणवठे आणि गंजलेली यंत्रे दिसली, तर ती उद्यानाची अव्यवस्था समजू नये.

३. स्टेशनपूर्वी ही जमीन कोणाची होती? आता तिचा कारभार कोण पाहते?

ही लोअर सदर्न अरेर्न्ट आणि वांगकांगुरू या आदिवासी समाजांची भूमी आहे. ‘विटजिरा’ हे नावही त्यांच्याच भाषेतील असून, झऱ्यांच्या काठी वाढणाऱ्या, पापुद्र्यांची साल असलेल्या मेलाल्यूका वृक्षाचे ते नाव आहे. मुख्य कुंडाला ते ‘इर्वान्येरे’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ व्याधी बरी करणारा झरा असा सांगितला जातो. स्टेशनच्या काळात याच समाजांतील स्त्री-पुरुषांच्या श्रमांवर आणि पाण्याच्या वाटांच्या ज्ञानावर गुरांचा धंदा चालला, ही गोष्ट जुन्या वर्णनांत बहुधा एखाद्या ओळीत उरकली जाते. आज उद्यानाचे व्यवस्थापन राज्य सरकार आणि मूळ मालक समाज संयुक्तपणे करतात. ही संयुक्त व्यवस्था २००७ पासून औपचारिकरीत्या सुरू आहे. एखाद्या जागी प्रवेश करू नये अशी पाटी असेल, तर ती सुरक्षेसाठी असेलच असे नाही. काही जागांचे महत्त्व बाहेरच्यांना सांगितले जात नाही आणि ते विचारूही नये.

४. वाळवंटात गरम पाणी कोठून येते?

ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भूभागाखाली, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात, ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ हा भूजलाचा प्रचंड साठा पसरला आहे. या खोऱ्याच्या कडांवर, विशेषतः पूर्वेकडील क्वीन्सलँडच्या डोंगररांगांत पडणारे पावसाचे पाणी वालुकाश्माच्या थरांत मुरते आणि वर्षाला काही मीटर इतक्या संथ गतीने पुढे सरकते. या साठ्यातील काही पाणी दहा ते वीस लाख वर्षे जुने असल्याचे मोजले गेले आहे. खोल थरांत ते जमिनीच्या उष्णतेने तापते, आणि डलहौसीजवळ जेथे खडकांना भेगा पडल्या आहेत तेथून स्वतःच्या दाबाने वर येते.

वर येताना विरघळलेले क्षार आणि वाळू साचून झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो. अशा १०० हून अधिक उंचवट्यांचा समूह येथे आहे. त्यांतील काही वाहते आहेत, काही कधीच आटले. या पाण्यात डलहौसी मांगूर म्हणून ओळखता येईल असा कॅटफिश आणि आणखी काही छोटे मासे राहतात, जे जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. वाळवंटाच्या मधोमध अडकून पडलेल्या या माशांसाठी प्रत्येक झरा म्हणजे एकेक बेट आहे. २००९ मध्ये या झऱ्यांना राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ते प्रामुख्याने या कारणासाठी आणि प्रश्न ३ मधील सांस्कृतिक महत्त्वामुळे.

येथील सर्व इतिहासाचे सूत्र हे पाणीच आहे. आदिवासींच्या वाटा, तारयंत्राची वाट, उंटांचे तांडे, गुरे आणि आता पर्यटक, सगळे येथे आले ते पाण्यापाशी.

५. डलहौसी हे नाव सातारा आणि नागपूर खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीवरून पडले आहे का?

थेट नव्हे, पण संबंध खरा आहे, आणि मराठी वाचकाला तो अनपेक्षित वाटेल. अ‍ॅडलेडहून डार्विनपर्यंत तारयंत्राची लाइन टाकण्याचे काम १८७० ते १८७२ या काळात झाले. त्या कामावरील सर्वेक्षक रिचर्ड नकी यांनी या झऱ्यांना नाव दिले, ते दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या पत्नी लेडी ईडिथ फर्ग्युसन यांच्या सन्मानार्थ. लेडी ईडिथ या भारताचे गव्हर्नर जनरल राहिलेल्या मार्क्विस ऑफ डलहौसी यांच्या कन्या होत. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करणारे डलहौसी ते हेच. लेडी ईडिथ यांचे १८७१ मध्ये अ‍ॅडलेड येथेच निधन झाले.

त्यांचे पती सर जेम्स फर्ग्युसन पुढे १८८० ते १८८५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. पुण्यातील एक महाविद्यालय आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील गरम पाण्याचे कुंड अशा प्रकारे एकाच कुटुंबाच्या नावाने ओळखले जातात. झऱ्यांना आधीपासून नाव होतेच, हे मात्र प्रश्न ३ मध्ये पाहावे.

६. जुन्या स्टेशनचे आज काय पाहायला मिळते?

डलहौसी स्टेशनचे दगडी अवशेष झऱ्यांजवळच्या मुक्कामाच्या मुख्य तळाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर आहेत. छप्पर नाही, पण भिंती, चुलाण्याची जागा आणि गुरांच्या आवाराच्या खुणा ओळखू येतात, आणि शेजारी खजुराची झाडे उभी आहेत. संध्याकाळचे तिरपे ऊन भिंतींवर पडते, तेव्हा तेथे जावे. दुपारी हीच जागा नुसती पांढरी आणि भकास दिसते.

दुसरे ठिकाण ब्लड्स क्रीक. तेथील पडक्या वास्तूला सिम्पसन वाळवंटाच्या इतिहासात मान आहे, कारण तेथे राहणारे टेड कोल्सन १९३६ मध्ये उंटांसह वाळवंट ओलांडून त्याच्या पूर्वेकडील बर्ड्सव्हिल गावी पोहोचले आणि परतही आले. संपूर्ण वाळवंट ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्याबरोबर पीटर एन्स हे आदिवासी सोबती होते, ही गोष्ट पुष्कळदा गाळली जाते. ‘पहिला’ हा शब्दही येथे जपून वाचावा, कारण वांगकांगुरू लोक वाळवंटातील विहिरींच्या आधारे त्याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते.

तिसरे माउंट डेअर. ते अवशेष नसून चालते ठिकाण आहे: स्टेशनच्या जुन्या मुख्य वस्तीच्या जागी आता हॉटेल, इंधन आणि वाहनदुरुस्तीची सोय आहे.

७. येथे मेंढ्या न पाळता गुरेच का पाळली?

डिंगो या रानकुत्र्यामुळे. दक्षिण ऑस्ट्रेलियातून क्वीन्सलँडपर्यंत ५,००० किलोमीटरांहून लांब ‘डॉग फेन्स’ नावाचे कुंपण आहे. त्याच्या दक्षिणेस मेंढ्या आणि उत्तरेस गुरे, अशी ढोबळ विभागणी झाली आहे. विटजिरा कुंपणाच्या उत्तरेस येते. म्हणूनच तळावर आजही डिंगो दिसतात. त्यांना खायला घालू नये, अन्न उघड्यावर ठेवू नये, आणि रात्री बूट तंबूबाहेर ठेवू नयेत. बूट पळवले जातात, हा विनोद नाही.

८. गुरे हटवली म्हणजे निसर्ग आपोआप पूर्ववत झाला का?

झाला नाही, आणि माझ्या मते या उद्यानातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. गुरांच्या खुरांनी झऱ्यांचे काठ तुडवले गेले आणि पाणी गढूळ झाले, हे खरे. परंतु चराई थांबल्यावर काही झऱ्यांवर वेतासारखे उंच गवत इतके माजले की, उघडे पाणी झाकले जाऊ लागले. पूर्वी आदिवासी समाज ठरावीक पद्धतीने हे गवत जाळत असत. त्यांना जमिनीपासून दूर केल्यावर ती पद्धत थांबली आणि त्या उणिवेची जागा काही काळ गुरांच्या तोंडाने नकळत भरून काढली होती.

खजुराचेही तसेच. स्टेशनच्या आणि उंटांच्या तांड्यांच्या काळात खजुराची लागवड झाली. हे उंटवाले सरसकट ‘अफगाण’ म्हणवले जात, पण त्यांतील बरेच जण तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून, विशेषतः बलुचिस्तान, पंजाब आणि सिंध या भागांतून आलेले होते. खजूर बी टाकून पसरत गेला, पाणी शोषू लागला आणि त्याच्या दाट जाळीमुळे झरे गुदमरले. म्हणून तो मोठ्या प्रमाणावर काढावा लागला, तर अवशेषांजवळची काही झाडे इतिहासाची खूण म्हणून राहिली. उंट, गाढवे आणि घोडेही मोकाट झाले आहेत. भाडेपट्टा विकत घेणे हे एका सहीचे काम होते. झरा जपणे हे मात्र दरवर्षी नव्याने करावे लागते.

९. कोणत्या महिन्यात जावे?

मे ते ऑगस्ट हा योग्य काळ. येथील ऋतू आपल्या उलट असतात: जून आणि जुलै हा हिवाळा, तेव्हा दिवसा हवा सुखद असते, पण पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. त्या थंडीत कुंडावर वाफ तरंगते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत मुलांच्या शाळांना मोठी सुट्टी असते, म्हणून अनेक कुटुंबे तेव्हाच विचारणा करतात. त्यांना स्पष्ट नकार द्यावा लागतो. जवळच्या ऊडनाडाटा गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. त्या उन्हात गाडी बंद पडली, तर जीव वाचेलच याची खात्री कोणी देणार नाही.

१०. कसे पोहोचायचे? साधी मोटार चालेल का?

साधी मोटार चालणार नाही. अ‍ॅडलेडहून कूबर पीडी सुमारे ८५० किलोमीटर, तेथपर्यंत उत्तम डांबरी रस्ता आहे. तेथून ऊडनाडाटा सुमारे २०० किलोमीटर आणि पुढे डलहौसी सुमारे १८० किलोमीटर. हे दोन्ही टप्पे कच्चे आहेत. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून यायचे असल्यास अपुटुला, म्हणजे फिंक, गावावरून माउंट डेअरला येता येते. माउंट डेअर ते डलहौसी सुमारे ७० किलोमीटर अंतर आहे आणि नकाशावर ते किरकोळ दिसते, पण गोट्यांनी भरलेल्या त्या वाटेला दोन तास सहज लागतात.

जमिनीपासून उंच असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, दोन सुटी चाके, हवा कमी-जास्त करण्याचे साधन, माणशी दिवसाला किमान पाच ते सात लिटर पाणी आणि शिवाय राखीव साठा, एवढी तयारी हवी. मोबाइल फोनचा भरवसा धरू नये; सॅटेलाइट फोन किंवा संकटसूचक यंत्र बरोबर ठेवावे. रस्त्यावर नांगरलेल्या सरींसारख्या आडव्या वळ्या असतात. त्यांवर हवा कमी करून आणि वेग आवरून चालवले, तर टायर आणि कंबर दोन्ही टिकतात.

११. भारतीय परवान्यावर गाडी चालवता येईल का? भाड्याची गाडी मिळेल का?

तात्पुरत्या भेटीवर आलेल्यांना वैध परदेशी परवान्यावर गाडी चालवता येते. परवाना इंग्रजीत नसल्यास आंतरराष्ट्रीय परवाना किंवा भाषांतर लागते. खरी अडचण भाड्याच्या गाडीची आहे. बहुतेक कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यांना मनाई असते, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी देतानाही विशिष्ट रस्ते नावे घालून वगळलेले असतात. आम्ही पहिल्या खेपेस काउंटरवरील माणसाच्या तोंडी होकारावर विसंबलो आणि फुटलेल्या टायरचा व काचेचा खर्च पूर्ण भरला. करारात ‘ऊडनाडाटा ते माउंट डेअर’ असे लिहून घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये.

१२. परवानगी लागते का?

लागते. वाळवंटी उद्यानांसाठी ‘डेझर्ट पार्क्स पास’ आहे, तो वाहनामागे दिला जातो आणि वर्षभर चालतो. त्याच पासवर शेजारच्या मुंगा-थिरी सिम्पसन वाळवंट उद्यानातही जाता येते. मुक्कामाच्या जागेचे आरक्षण आगाऊ करावे. दर बदलत असल्याने ते राज्याच्या उद्यान विभागाकडेच पाहावेत.

१३. कुंडात उतरण्याचे नियम कोणते?

मुख्य कुंडातच उतरावे. बाकीचे झरे पाहण्यासाठी आहेत, त्यांत पाय घालण्यासाठी नाहीत. पाणी ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान असते आणि कुंड खोल आहे, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनी पायऱ्यांपाशीच थांबावे. अंगाला साबण, तेल किंवा सनस्क्रीन लावून उतरू नये, कारण तो थर थेट प्रश्न ४ मधील माशांच्या घरात जातो. छोटे मासे पायांना हलकेच टोचतात, ते निरुपद्रवी आहे. मात्र डोके पाण्याखाली नेऊ नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये: कोमट नैसर्गिक पाण्यात असणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचित घडते, पण घडल्यास बहुधा प्राणघातक ठरते.

डुबकी मारून पुण्य मिळवण्याची सवय असलेल्या आपल्या ज्येष्ठांना ही शेवटची सूचना आधीच समजावून सांगावी लागते.

१४. भारतातून आलेल्या सत्तरीच्या आईवडिलांना न्यावे का?

पाणी त्यांना मानवेल. रस्ता मानवेल का, हा प्रश्न आहे. पाठदुखी, गुडघ्यांचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर दिवसभराचे हादरे त्रासदायक ठरतात, आणि वैद्यकीय मदत विमानानेच येऊ शकते. प्रकृती ठीक असल्यास ऊडनाडाटा आणि माउंट डेअर येथे प्रत्येकी एक मुक्काम ठेवून टप्पे लहान करावेत, तंबूऐवजी हॉटेलमधील खोली घ्यावी, आणि औषधांचा साठा ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट ठेवावा. दुपटीचे कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१५. शेजारची स्टेशने अजून चालू आहेत, असे ऐकतो. त्यांच्या जमिनीवरून जाता येते का?

सार्वजनिक रस्त्यावरून जाता येते. रस्ता सोडून आत शिरणे, पाणवठ्यापाशी तंबू ठोकणे किंवा गुरांजवळ जाणे चालत नाही. फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे: उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. कोणी तरी विसरले असेल, असे समजून उघडे फाटक लावणाऱ्या शिस्तप्रिय माणसामुळे गुरे पाण्यापासून तुटू शकतात. कुंपण नसलेल्या पट्ट्यांत गुरे रस्त्यावर बसतात, म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवू नये.

१६. पाऊस आला तर?

येथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो, पण तो एकदम येतो. थोड्याशा सरीनेही चिकणमातीचे रस्ते निसरडे होतात आणि प्रशासन ते बंद करते. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो, शिवाय खोल चाकोऱ्या पडून रस्ता पुढच्यांसाठी निकामी होतो. अशा वेळी आहे तेथे थांबणे एवढाच मार्ग असतो. म्हणून परतीच्या विमानाचे तिकीट आणि वाळवंटातून निघण्याचा दिवस यांत किमान तीन-चार दिवसांचे अंतर ठेवावे, आणि अन्न, औषधे त्या हिशेबाने घ्यावीत.

१७. येथून तसेच पुढे सिम्पसन वाळवंट ओलांडता येईल का?

मार्ग आहे, अनेक जण डलहौसीहूनच निघून पूर्वेस बर्ड्सव्हिलला जातात. परंतु वाटेत हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत, मध्ये इंधन नाही, आणि एकट्या गाडीने जाऊ नये. सिम्पसन वाळवंट उद्यान १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात बंद असते. विटजिरा पाहण्याची तयारी झाली म्हणजे वाळवंट ओलांडण्याचीही झाली, असे समजू नये.

१८. शेकोटी, ड्रोन, कुत्रा आणि आठवण म्हणून एखादा दगड, यांपैकी काय चालते?

डलहौसीच्या तळावर लाकडाची शेकोटी चालत नाही, आणि उद्यानात कोठेही सरपण गोळा करता येत नाही. वाळलेले खोड हे तेथील सरड्यांचे घर असते. स्वयंपाकासाठी गॅस न्यावा. ड्रोनसाठी लेखी परवानगी लागते. पाळीव कुत्रा उद्यानात नेता येत नाही. अवशेषांतील खिळा, बाटलीचा तुकडा, दगडी हत्यार किंवा साधा गोटाही उचलू नये, कारण ते कायद्याने संरक्षित आहे.

१९. शाकाहारी जेवणाचे काय? फळे नेता येतील का?

माउंट डेअरच्या हॉटेलात जेवण मिळते, पण मांसासाठी गुरे पाळणाऱ्या प्रदेशात शाकाहारी पदार्थांची निवड मर्यादित असणार, हे गृहीत धरावे. डाळ, तांदूळ, भाजणी, चिवडा आणि कोरडी चटणी बरोबर असली की अडत नाही. फळांची बाब वेगळी आहे: फळमाशीच्या प्रादुर्भावामुळे अन्य राज्यांतून दक्षिण ऑस्ट्रेलियात ताजी फळे आणि काही भाज्या आणण्यास बंदी आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या बाजूने येणाऱ्यांनी सीमा ओलांडण्यापूर्वीच ती संपवावीत. रस्त्यात तपासणी नाका दिसला नाही, तरी नियम लागू असतोच.